गार लागल्याशिवाय दार उघडायचं नाही

थंडोबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका गाडीत बंद होता. भर उन्हाळ्यातली दुपार, वर तापलेला पत्रा, पत्र्याखाली गाडी, गाडीच्या चारही काचा वर, आणि आत ड्रायव्हरच्या जागी एक गोल चेहऱ्याचा माणूस डोळे मिटून बसलेला. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीवर आणि मिशीवरून स्टिअरिंगवर असा मुक्काम करत करत चालला होता. डावा कान त्याने डॅशबोर्डवरच्या झरोक्याला लावला होता. गाडी त्याला कुणाची तरी चहाडी सांगत असावी असं वाटत होतं. मी काचेवर टकटक केली. डोळे न उघडता त्याने एक बोट वर केलं. थांबा.

मी थांबलो. बराच वेळ थांबल्यावर शेडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक म्हातारा आवाज आला, "गार लागल्याशिवाय दार उघडायचे नाहीत ते. आमच्याकडची पद्धत आहे."

ही पद्धत त्या आवाजानेच घालून दिलेली होती. आवाजाच्या धन्याला सगळा रस्ता गॅसमास्तर म्हणत असे. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं हे गॅरेज त्यांनी काढलेलं, आणि गाडीत उकडत बसलेला थंडोबा हा त्यांचा जावई. बाहेर उभं राहून, झरोक्याला हात लावून 'येतंय की गार' म्हणणं हे गॅसमास्तरांच्या मते काठावर बसून बुडणाऱ्याला 'पाणी काही फार नाही' असं सांगण्यासारखं होतं. मेकॅनिकने स्वतः आत बसायचं, काचा वर घ्यायच्या आणि कानाच्या पाळीला गारवा लागेपर्यंत दार उघडायचं नाही. लागलं तर काम झालं. नाही लागलं तर मेकॅनिक शिजला. दोन्हीपैकी काहीतरी एक नक्की होत असे.

आता 'थंडोबा' हे नाव. ते धंद्यावरून पडलं असं तो सांगतो, स्वभावावरून पडलं असं त्याची बायको सांगते. दोघंही खरं बोलतात. हा माणूस चिडलेला कुणी पाहिला नव्हता. गरम पाइपाला हात लागला तरी तो 'अरे' एवढंच म्हणे, आणि तेही पाइपाला उद्देशून, समजावणीच्या सुरात. जगाच्या गाड्या गार करता करता स्वतः मात्र वर्षभर घामाने निथळत असे. न्हाव्याचे केस वाढलेले आणि शिंप्याची शिवण उसवलेली, तसा एसीवाला घामाघूम. चालायचंच.

पण माणूस निथळतो तो फक्त उन्हाने नव्हे, हे मला पुढे कळलं. माझ्या गाडीच्या निमित्ताने माझ्या तिथे फेऱ्या वाढल्या आणि थंडोबा माझ्याशी बोलू लागला. घरच्या गोष्टी सांगायला गिऱ्हाइकासारखा माणूस नाही. तो ऐकतो, कारण त्याची गाडी अडकलेली असते.

थंडोबा घरजावई होता. खाली गॅरेज, वर घर. लग्नानंतर 'दुसरी जागा मिळेपर्यंत' म्हणून तो वरच्या खोलीत राहायला आला आणि मग दुसरी जागा शोधायची आठवण कुणीच केली नाही. छळ म्हणाल तर शून्य. छळ असता तर बरं झालं असतं, भांडून तरी बाहेर पडता आलं असतं. इथे सगळा मामला उलटा. सासरे त्याला 'जावईबापू' म्हणत आणि अहोजाहो करत. जो माणूस तुम्हाला दिवसरात्र अहो म्हणतो त्याच्याशी भांडणार कसं? पंख्याखालची खुर्ची जावईबापूंची. वर्तमानपत्राची पहिली घडी जावईबापूंनी मोडायची. जेवायला बसलं की सासूबाई डाव घेऊन उभ्याच. नको म्हणून हात आडवा धरला तर हातावर वाढत. घराचा मंत्र एकच होता: जावयाला काही कमी पडू नये.

जावई हा दशमग्रह असतो, तो बाकीच्यांना छळतो, असं म्हणतात. इथे बाकीचे सगळे ग्रह त्याच्याभोवती फिरत आणि मधल्यामध्ये त्यालाच हलायला जागा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण ऐकलाय. तोंडात साखर कोंबून पाठीवरून हात फिरवणं हा त्याचा सख्खा भाऊ.

सगळ्यात मोठी गोष्ट किल्लीची. थंडोबाकडे घराची किल्ली नव्हती. मागितली होती एकदा, लग्नानंतर लगेचच. सासूबाई हसल्या होत्या. घरात कायम कुणीतरी असतंच, किल्ली कशाला हवी? आणि ते खरंच होतं. जिन्यावर त्याची पावलं वाजली की दार आपोआप उघडे. बेल वाजवायचीही संधी त्याला कधी मिळाली नाही. "साहेब," तो मला एकदा कॉम्प्रेसर पुसता पुसता म्हणाला, "मी आजपर्यंत स्वतःच्या घराचं दार स्वतः उघडलेलं नाही." मी हसलो. तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की ही गाडी साधी बिघडलेली नाही.

अशात त्याला नोकरी चालून आली. शहराबाहेर फळं-भाज्या साठवायचं मोठं शीतगृह होतं, तिथली यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. थंडोबाने पूर्वी एकदा तिथलं काम केलेलं, त्यांनी आठवण ठेवली. काम गारव्यातलं. राहायला आवारातच दोन खोल्या. 'आणि किल्ली आपल्याला देतात,' हे सांगताना त्याचा आवाज असा खाली आला, जणू कुणी ऐकलं तर काढून घेईल. होकार शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. नाहीतर दुसरा माणूस तयारच होता.

बायको राजी होती. पण सासऱ्यांना कोण सांगणार? "बाप माझा आहे," ती म्हणाली, "पण सासरा तुमचा आहे. सांगायचं तर तुम्ही सांगायचं. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. तुम्ही तोंड उघडलंत की मी बॅग ओढते."

तोंड उघडायचं एवढंच राहिलं होतं. आणि तिथे आपली मायबोली आडवी आली.

आपल्या भाषेत घराबाहेर पडणाऱ्याला 'जातो' म्हणायची सोय नाही. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. मसणात निघालेला माणूसही उठून बोलता आला तर 'येतो' म्हणूनच जाईल. थंडोबाने वाक्य पाठ केलं होतं: 'बाबा, मी जातो इथून, आम्ही वेगळे राहतो.' सकाळी चपला घालून तो दारात उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "बाबा, मी जातो..."

"येतो म्हणा, जावईबापू," सासरे म्हणाले. स्वयंपाकघरातून सासूबाईही तेच म्हणाल्या.

"येतो," थंडोबा म्हणाला आणि जिना उतरला. आता उतरलाच होता, तर रिकाम्या हाताने वर कसं जायचं? म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने साबणाची वडी घेतली आणि परत आला. दार आपोआप उघडलं. साबण आणला म्हणून कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'जातो', 'येतो म्हणा', 'येतो', साबण. तिसऱ्या प्रयत्नालाही साबण. मोरीतल्या फळीवर वड्यांची भिंत उभी राहिली. आणखी थोडा धीर केलात तर दुकान काढता येईल, असं बायकोने त्याला ऐकवलं.

त्यातच गॅसमास्तरांची स्वतःची गाडी बिघडली. जुनी, पण जपलेली. संध्याकाळी सासूबाईंना शेजारी बसवून ते दोन-चार रस्ते हिंडून येत, तेवढाच तिचा उपयोग. निघताना एसी गार हवा सोडायचा. सिग्नलला गाडी उभी राहिली, जरा वेळ गेला, की झरोक्यातून गरम फुंकर. पुन्हा थोड्या वेळाने गार. मनात आलं तर.

थंडोबाने मनाशी ठरवलं की ही गाडी नीट करायची आणि मग बोलायचं. सासऱ्यांना गरम गाडीत सोडून जावई गारव्याला निघून गेला, असं लोकांनी म्हणायला नको. खरं सांगायचं तर त्याला थोडी सबबही मिळाली होती. सबब माणसाला उन्हात छत्रीसारखी वाटते. मात्र ही छत्री मिटेना.

तो पद्धतशीर मागे लागला. आधी हवा नीट येते का ते पाहिलं. डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागची जाळी काढली, तर तिच्यात धूळ, वाळकी पानं आणि सासूबाईंचं कधीचं हरवलेलं कानातलं. कानातलं मिळाल्याच्या आनंदात त्या रात्री ताटात दुप्पट वाढलं गेलं आणि निघून जाणं दुप्पट अवघड झालं. मग पट्टा बघितला, घट्ट होता. पुढचा पंखा फिरत होता. कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या नाकातली ती बारीक पात्यांची चौकट जिथून आतली उष्णता बाहेर जाते, ती पाण्याने धुऊन काढली. तरी तेच. शेवटी सगळा गॅस काढून, वजन करून, कंपनीने सांगितला तेवढाच नव्याने भरला. गाडी गार! थंडोबाने पाळीला गारवा लावून घेतला, दार उघडलं, उद्या बोलायचं असं ठरवून झोपला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे फेरी मारून आले ते शर्टाच्या बाहीने मान पुसत.

हे असं दोनदा झालं.

"गॅस कमी," गॅसमास्तरांचा निकाल ठरलेला. त्यांना गॅसमास्तर म्हणत ते ह्याचसाठी. गाडी गार करत नाही? गॅस कमी. पोरगं अभ्यास करत नाही? गॅस कमी. शेजाऱ्याचं लग्न जमत नाही? त्याचाही गॅसच कमी. भरला की सगळं सुरळीत चालतं ह्यावर त्यांची अशी श्रद्धा होती की ती दाब मोजायच्या गेजच्या काट्यालाही भ्यायची नाही. थंडोबा म्हणे, बाबा, गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही, गळती असेल तरच कमी होतो. सासरे मान डोलावून म्हणत, बरोबर आहे जावईबापू, पण थोडा भरून बघा.

शनिवार उजाडला. माझी गाडी तयार झाली होती म्हणून मी दुपारी गेलो. थंडोबाच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशीची कळा होती. संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता, आणि सासऱ्यांची गाडी पुन्हा शेडमध्ये उभी होती. मला पाहताच गॅसमास्तर खुर्चीतून उठले. आज गाडीचा निकाल लावायचाच, ते म्हणाले. पुढे एका बाजूला जावईबापू, दुसऱ्या बाजूला ते स्वतः. पण मागच्या सीटवर गार पोचतं की नाही ते कोण बघणार?

मी माझ्या चपलांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बसलो.

बसल्यावर कळलं की मागच्या दारांना लहान मुलांसाठी असतं ते कुलूप होतं. बाहेरून उघडतं, आतून नाही. काचांची बटणं पुढे, थंडोबाच्या हाताशी, आणि पद्धत सगळ्यांना ठाऊक. म्हणजे माझ्या सुटकेचे सगळे मार्ग एका सासऱ्याच्या तत्त्वांपाशी येऊन संपत होते.

थंडोबाने इंजिन चालू ठेवलं. गेजच्या नळ्या बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून ते दोन तबकड्यांचं यंत्र त्याने समोरच्या काचेवर वायपरला असं अडकवलं की आतून काटे दिसावेत. एक निळी तबकडी, एक लाल. काचा वर गेल्या. रस्त्याचा आवाज बंद झाला. आत आम्ही तिघं आणि दुपार.

सुरुवातीला गार आलं. गॅसमास्तरांनी माझ्याकडे मान वळवून 'पोचलं?' अशी भुवई उडवली. मी मान हलवली. पण लाल तबकडीचा काटा चढत होता. हळूहळू, जिना चढणाऱ्या जाड माणसासारखा. वर गेला, अजून वर गेला, आणि पुढून 'टक्' असा आवाज आला. कॉम्प्रेसर बंद पडला. झरोक्यातून कुणीतरी झोपेतून उठून तोंडावर श्वास सोडावा तशी हवा आली.

"गॅस कमी," गॅसमास्तर म्हणाले.

थंडोबा काट्याकडे बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू गाडी चालली आहे. मग तो म्हणाला, "नाही बाबा. जास्त झालंय."

"काय जास्त झालंय?"

आता खरं म्हणजे ह्याला उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द थंडोबाच्या तोंडून बाहेर पडेना. "जेवढं लागतं त्याच्यावर भर पडत गेलीय," तो म्हणाला. "मावत नाही. मावत नाही म्हणून दाब चढतो. आणि दाब फार चढला की ते स्वतःला वाचवायला बंद पडतं."

"एवढं सगळं असून बंद पडतं?"

"एवढं सगळं आहे म्हणूनच."

मागच्या सीटवर मला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली, आणि ते फक्त उकाड्याने नव्हतं. दोघंही समोरच्या तबकडीकडे बघून बोलत होते. एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं.

थंडोबाच पुढे बोलला. त्याने स्वतः वजन करून भरलेला गॅस होता. गॅस आपोआप कमी होतो असं लोक म्हणतात, ते एक वेळ ऐकून घेऊ. पण आपोआप वाढलेला तो पहिल्यांदाच बघत होता. हे तो चिडून म्हणाला नाही. गरम पाइपाशी बोलायचा त्याच सुरात म्हणाला.

गॅसमास्तर बाजूच्या काचेतून पत्र्याच्या भिंतीकडे बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही जेवून जरा पडता ना दुपारी. तेव्हा थोडा थोडा मीच भरत होतो. वाटलं, तुम्ही एवढे राबताय, आपण हातभार लावावा. कमी पडू नये."

कमी पडू नये! ज्या मंत्राने ताट भरत होतं त्याच मंत्राने गाडीही भरली जात होती, आणि दोन्हीकडे पोट तट्ट फुगून श्वास अडकला होता. मला हसू आलं आणि मी ते गिळलं. बंद गाडीत हसू सोडायलाही जागा लागते.

"मग आता काय करायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सोडायला हवं," थंडोबा म्हणाला.

सोडायला हवं. धंद्यात गॅस भरतात आणि गॅस सोडतात, त्यात काय? पण आपल्या भाषेत घरही सोडतात, माणसंही सोडतात, आणि हा शब्द त्या तिन्हींतला कुठला आहे हे सांगायची सक्ती व्याकरण करत नाही.

"सगळं?" गॅसमास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"सगळं कशाला? जास्तीचं आहे तेवढंच. आणि वाया नाही जात बाबा. दुसऱ्या टाकीत जातं. तिकडे कामाला येतं."

एवढं बोलून त्याने जे केलं ते त्या गॅरेजच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. गार लागलं नसताना त्याने दार उघडलं. उतरताना फक्त "आलोच" म्हणाला, आणि दार लावून जास्तीचा गॅस काढायला बॉनेटकडे गेला.

आत सासरे आणि मी. गरम हवा आमच्या दोघांच्या मधे बसली होती. मी काच जराशी खाली घेण्याबद्दल सुचवलं. त्यांनी नुसती मान हलवली. पद्धत म्हणजे पद्धत. मग मागे न बघता त्यांनी विचारलं, "साहेब, हा जाणार ना?"

'हा' म्हणाले. 'हे' नाही. मी बाहेर बघितलं, बॉनेटच्या फटीतून थंडोबाची नुसती पाठ दिसत होती.

"मला माहीत आहे," तेच म्हणाले. "एवढे साबण कोण आणतं? आणि पलंगाखाली बॅग आहे. हिने केर काढताना बघितली. तिच्याभोवतीनं झाडते बिचारी रोज."

"मग तुम्हीच का नाही विचारलंत त्याला?"

गॅसमास्तरांनी रुमाल काढून मान पुसली. "म्हणून तर घाईघाईने 'येतो म्हणा' म्हणायचं. 'जातो' ऐकून घेतलं की पुढचं ऐकावं लागतं."

दार उघडलं आणि थंडोबा परत आत येऊन बसला. येऊन बसला हे मी मुद्दाम सांगतो. पुढे मोकळा रस्ता होता, चपला पायात होत्या, आणि तो परत आत आला, दार ओढून घेतलं, काचा नीट वर आहेत का ते पाहिलं. सासऱ्यांनी हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं.

लाल काटा चढला आणि मधेच एका जागी येऊन गपगुमान उभा राहिला. 'टक्' झालं नाही. झरोक्यातून गार हवा यायला लागली, आणि ती येतच राहिली. आधी बरं वाटलं. मग छान वाटलं. मग माझ्या घामाने भिजलेल्या शर्टाचं काय होणार ह्याची काळजी वाटायला लागली.

"लागलं का बाबा?" थंडोबाने विचारलं.

"नाही अजून."

अजून थोडा वेळ गेला. माझे कान दुखायला लागले. गॅसमास्तरांच्या हातावरचे पांढरे केस ताठ उभे राहिलेले मला मागून दिसत होते.

"लागलं?"

"छे."

तेव्हा मला उमगलं. पद्धत त्यांची, निकालही त्यांचाच. त्यांनी 'लागलं' म्हटलं की गाडी झाली. गाडी झाली की दार उघडणार. आणि दार उघडलं की पलंगाखालची बॅग. म्हातारा थंडीने कुडकुडत होता, दातावर दात आपटत होते, आणि गरम होतंय असं भासवण्यासाठी रुमालाने कपाळ पुसत होता.

थंडोबालाही ते कळलं. त्याने एसी कमी केला नाही, दारालाही हात लावला नाही. समोर बघतच त्याने सगळं सांगून टाकलं. शीतगृहातलं काम, दोन खोल्या, आज संध्याकाळची मुदत. आणि शेवटी: "बाबा, मी जातो."

मी वाट बघितली. थंडोबानेही बघितली. मला वाटतं इंजिनानेही. 'येतो म्हणा' आलं नाही.

एवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन जिना उतरल्या. काचांवर बाहेरून वाफ धरली होती. त्यांनी पदराने एक गोल पुसला आणि आत डोकावल्या. आत नवरा हात काखेत खुपसून थरथरतोय, जावई दगडासारखा बसलाय आणि मागे एक अनोळखी माणूस गुडघे पोटाशी घेऊन. त्यांनी काचेवर टकटक केली. गॅसमास्तरांनी त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं. थांब.

त्या थांबल्या. चहा निवला.

मग कधीतरी ते बोट हळूहळू खाली आलं.

"तिथे थंडी फार असते म्हणतात," गॅसमास्तर म्हणाले.

"असते."

"स्वेटर घेऊन जा." आणि जरा थांबून, "तुला सर्दी लवकर होते."

तू! इतक्या वर्षांचा अहोजाहोचा डोलारा एका स्वेटरच्या वजनाने खाली आला. थंडोबाने पहिल्यांदा मान वळवून सासऱ्यांकडे बघितलं.

"लागलं," गॅसमास्तर म्हणाले. "उघड दार."

पुढचं लवकर उरकलं, म्हणजे त्या घरात जितकं लवकर उरकू शकतं तितकं. बॅग एक होती, तिच्या पाच झाल्या. थंडोबाचा स्वेटर, बायकोचा स्वेटर, स्वेटरावर घालायचे स्वेटर. मोरीतली साबणाची भिंत सासूबाईंनी वडीवडीने उतरवून एका पिशवीत भरून दिली. वर्षभर साबण आणायचं कारण उरलं नाही, म्हणजे वर्षभर घराबाहेर पडायला नवी सबब शोधावी लागणार होती.

काही दिवसांनी मी शीतगृहाच्या आवारात त्याच्या खोल्या बघायला गेलो. थंडोबा वाळला नव्हता, पण कोरडा झाला होता. इतका कोरडा थंडोबा मी कधी पाहिला नव्हता, ओळखायलाच एक क्षण लागला. त्याने मला घर दाखवलं, म्हणजे दार दाखवलं. बाहेर घेऊन गेला, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली, पुन्हा काढली, कुलूप उघडलं. "बघितलंत?" मी बघितलं म्हणालो. दिवसातून चार वेळा हाच खेळ चालतो, असं बायको आतून म्हणाली.

मग त्याचा चेहरा जरा उतरला. पहिल्याच रविवारी सासरे आले होते. किल्ली हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी करून बघितली, दात मोजावेत तशी. 'जरा देतोस?' म्हणाले, खाली गेले आणि आवाराबाहेरच्या किल्लीवाल्याकडून दुसरी करून घेऊन आले. एकच किल्ली असणं बरं नाही. हरवली-बिरवली तर? कमी पडू नये. ती दुसरी त्यांच्याच शर्टाच्या खिशात असते, सुतळीला बांधलेली.

"आता सांगा," थंडोबा म्हणाला, "मी सुटलो का अडकलो?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात बेल वाजली. थंडोबा आणि मी दोघंही एकदम उठलो. दाराच्या काचेतून बाहेरची आकृती दिसत होती. हातात झाकणाचा डबा, मागे सासूबाई, आणि शर्टाच्या खिशातून सुतळीचं टोक बाहेर आलेलं. किल्ली खिशात होती. बोट बेलवर होतं.

थंडोबाने केसांवरून हात फिरवला, सावकाश चालत गेला आणि कडी काढली. दार उघडलं तरी गॅसमास्तर उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.